परळी ते पाटोदा : विजेच्या जिल्ह्यातून एक फेरी

बीड जिल्ह्याचे नाव काढले की दुष्काळ आणि ऊसतोड हे दोन शब्द आधी तोंडी येतात. तिसरा शब्द सहसा कोणी उच्चारत नाही. तो म्हणजे वीज. वास्तविक हा वीज तयार करणारा जिल्हा आहे. पूर्वेला परळीत दगडी कोळसा जाळून वीज होते. पश्चिमेला बालाघाटाच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. आणि याच जिल्ह्यातील लाखो हात दरवर्षी परमुलखात जाऊन जो ऊस तोडतात, त्याच्या चिपाडावर कितीतरी साखर कारखाने वीज तयार करून विकतात. कोळसा, वारा आणि ऊस, तिन्हींशी बीडच्या माणसाचे नाते आहे.

एवढी वीज ज्यांच्या मातीतून आणि घामातून निघते, त्यांच्या वस्तीत दिवस मावळल्यावर काय असते, हे डोळ्यांनी पाहावे म्हणून गेल्या एप्रिलात आम्ही परळीहून पाटोद्यापर्यंत फिरलो. आम्ही म्हणजे आपल्या चळवळीतले तिघे कार्यकर्ते. तिघेही नोकरदार, कचेरीत जमाखर्च लिहून पोट भरणारे. त्यामुळे सोबत कॅमेरा नव्हता. दोनशे पानी वही आणि दोन पेन होते. एप्रिल मुद्दाम निवडला, कारण त्या महिन्यात ऊसतोडीहून टोळ्या परत आलेल्या असतात आणि वस्त्यांची कुलपे उघडलेली असतात.

परळीची राख

परळीला माणसे वैजनाथाच्या दर्शनाला येतात, पण गावाची खूण म्हणजे औष्णिक केंद्राच्या चिमण्या. १९७१ साली येथे ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. पुढे २१० मेगावॅटचे तीन संच आले, तेही आपले आयुष्य जगून निवृत्त झाले. आज २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. म्हणजे एकूण ७५० मेगावॅट. एक मेगावॅट म्हणजे हजार किलोवॅट, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचा हिशेब समजायला सोपा जाईल.

कोळशाच्या विजेला नुसता कोळसा पुरत नाही, पाणीही लागते. ते गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून येते, आणि टंचाईत माजलगाव धरणाकडे बघावे लागते. २०१३ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा २०१५ च्या जुलैत पाणी नाही म्हणून हे सगळे केंद्र बंद ठेवावे लागले होते. ज्या जिल्ह्यात माणसांना टँकरची वाट पाहावी लागते, तेथे एवढ्या मोठ्या भट्टीलाही पाण्याची वाट पाहावी लागली. सारा भरवसा एकाच मोठ्या ठिकाणावर ठेवला की काय होते, याचा हा धडा आहे.

कोळसा जळाला की राख उरते. ती पाण्यात कालवून तळ्यात सोडतात. तळे सुकले आणि वारा सुटला की तीच राख आसपासच्या गावांत उडते. या बाजूच्या एका वस्तीत आम्हांला दोरीवर वाळत घातलेले कपडे दुपारी पुन्हा झटकताना बाया दिसल्या. एकजण म्हणाली, "दादा, इजंची राख आमाला अन् इज मुंबैला." मुंबईला नेमकी कुठली वीज जाते हे तिला ठाऊक असण्याचे कारण नाही. तारांच्या जाळ्यात सगळी वीज एकत्र होते. पण वाटणीचा तिचा हिशेब काही खोटा नव्हता.

मस्साजोगवरून पुढे

परळीहून अंबाजोगाई, तेथून केज. केज सोडून बीडच्या रस्त्याला लागले की मस्साजोग लागते. एसटी तेथे क्षणभर थांबली तेव्हा डब्यासारखी बडबडणारी माणसेही गप्प झाली. ६ डिसेंबर २०२४ रोजी, महापरिनिर्वाण दिनी, तेथील पवनचक्की प्रकल्पाच्या जागेवर भांडण झाले आणि पहारेकऱ्याला मारहाण झाली. तो पहारेकरी दलित समाजातला. गावचे सरपंच संतोष देशमुख त्याच्या बाजूने मध्ये पडले. ९ डिसेंबरला त्यांचे अपहरण झाले आणि त्यांना हाल हाल करून मारण्यात आले. प्रकल्पाकडे मागितलेल्या खंडणीशी हे प्रकरण जोडलेले असल्याचा आरोप आहे. खटला न्यायालयात आहे, तेव्हा त्यावर अधिक लिहिणे उचित नाही.

पण एक गोष्ट लिहिली पाहिजे. गावाच्या शिवारात वाऱ्यावरची वीज आली. तिच्यातून जमिनीचे भाडे निघते, वाहतुकीची, मुरमाची, पहाऱ्याची कामे निघतात, पैसा फिरतो. हा पैसा कोणाला, कामे कोणाला, आणि धोका कोणाला, हे गावाने एकत्र बसून उघड ठरवलेले नसते. जे उघड ठरत नाही ते दंडाच्या जोरावर ठरते. आणि तसे ठरले की पहिला मार पहाऱ्यावर उभ्या असलेल्या गरिबाला बसतो, आणि त्याच्यासाठी उभा राहणाऱ्याला जीव गमवावा लागतो. विजेचे नियोजन हा इंजिनियर लोकांचा विषय आहे असे समजून आपण बाजूला बसतो. मस्साजोगने दाखवले की तो आपल्या माणसांच्या जिवाचा विषय आहे.

वस्तीतील संध्याकाळ

मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या रस्त्याला लागले की पठार उघडे होते आणि दूरवर पांढरी पाती फिरताना दिसतात. या डोंगराळ भागात गावे लहान, वाड्या विखुरलेल्या आणि तांडे त्याहून दूर. आम्ही ज्या वस्तीत मुक्काम केला तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तेथील माणसांना उद्या पुन्हा त्याच कचेरीत अर्ज घेऊन जायचे आहे. गावाच्या खालच्या अंगाला ओढा, ओढ्याच्या कडेला बौद्ध वस्ती, आणि मध्ये एक समाजमंदिर. थोड्याफार फरकाने हे चित्र आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे.

वस्तीत वीज आहे का? कागदावर आहे. गावात वीज आली असे म्हणण्याचा सरकारी नियम २००४ साली बदलला. त्यानुसार गावातील किमान १० टक्के घरांना जोडणी हवी, शाळा-पंचायत अशा सार्वजनिक ठिकाणी वीज हवी, आणि मुख्य वसाहतीबरोबर दलित वस्तीपर्यंतही डीपी व तारा पोचलेल्या हव्यात. नियमात दलित वस्तीचा वेगळा उल्लेख करावा लागला, यातच सगळे आले. पुढे २०१७ साली सौभाग्य योजना आली आणि घराघरांत मीटर बसवण्याची मोहीम झाली. तेव्हा तार आली, मीटर आले, हे मान्य केले पाहिजे. आमच्या लहानपणी रॉकेलच्या चिमणीखाली अभ्यास केलेल्या पिढीला त्याचे मोल कळते.

पण तार येणे वेगळे आणि उजेड टिकणे वेगळे. ज्या आक्कांच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो त्या म्हणाल्या, "लाईट हाय म्हणायला, दादा. पर खांब वरच्या आळीला अन् आमचं घर वढ्याला. वारं सुटलं की वायरी झोंबत्यात अन् समदी वस्ती गुडुप. पंखा तर नुसता हालतो, वारं येत न्हाई." लांबवर ओढलेल्या तारेच्या शेवटच्या टोकाला दाब कमी पडतो, म्हणून पंखा नुसता हालतो. डीपी जळाली तर वरच्या आळीतून चार माणसे गाडी करून जातात, वर्गणी काढतात आणि दुसरी आणवतात. वस्तीतल्या माणसाचा त्या दिवशीचा रोज बुडतो, म्हणून तो जात नाही. वस्तीत काही घरांवर आकडेही दिसले. आकडा टाकणे धोक्याचे आहे, त्याने माणसे दगावतात, आणि चोरीचा शिक्का सगळ्या वस्तीवर बसतो. म्हणून ते थांबलेच पाहिजे. पण आकडा का पडतो, हेही पाहिले पाहिजे.

त्याचे एक उत्तर घराला लावलेल्या कुलपात आहे.

कोपीतला दिवा

दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या जोड्या निघतात. उचल घेतलेली असते, मुकादम दारात उभा असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरे बरोबर किंवा म्हाताऱ्यांजवळ. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, थेट कर्नाटक. पाच-सहा महिने घराला कुलूप. पण मीटरला कुलूप नसते. दारिद्र्यरेषेच्या सवलतीत न बसणाऱ्या घरगुती ग्राहकाला एक युनिट न जाळताही स्थिर आकार महिन्याला शंभराच्या वर येतो. सहा महिन्यांचे सहाशेच्या वर, त्यावर व्याज. एप्रिलात माणूस परत येतो तो उचलीचा हिशेब घेऊन, आणि दारात थकबाकीचे बिल. ते भरले नाही तर जोडणी तुटते. तुटली की नव्याने अर्ज, नव्याने खेटे. मग आकडा.

आणि जेथे तो सहा महिने राहतो तेथे काय असते? पाचटाची कोपी. पहाटे तीन-चारला बाई उठते, अंधारात तीन दगडांची चूल पेटवते, भाकरी थापते आणि फडावर जाते. पूर्वी चिमणी होती, आता बॅटरी. मोबाइल चार्ज करायचा तर कारखान्याच्या बाजूला टपरीवर पैसे देऊन ठेवायचा. अंधारात साप-विंचवाची भीती, आडोशाला जाताना बायकांना वेगळी भीती. याच कोप्यांपासून हाकेच्या अंतरावर कारखान्याचे वीजघर उसाच्या चिपाडावर रात्रभर चालते. ज्याच्या कोयत्याने तोडलेल्या उसातून ती वीज झाली, त्याच्या कोपीत दिवा नाही. एवढ्यासाठी कुठले मोठे विज्ञान लागत नाही. लहानसे पॅनेल, एक दिवा आणि मोबाइलची जोडणी, एवढा संच एका पिशवीत मावतो. तो उचलीच्या करारातच मागता येतो. पण तशी मागणी अजून कोणी लिहून ठेवलेली नाही.

बाबासाहेबांचा दृष्टिकोन

या ठिकाणी बाबासाहेबांची आठवण येणे साहजिक आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि वीज व पाटबंधारे ही कामे त्यांच्या खात्याकडे होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत युद्धोत्तर पुनर्रचनेच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा प्रश्न दारिद्र्याशी जोडला. वीज मुबलक हवी आणि स्वस्त हवी, कारण तिच्यावाचून उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांवाचून या देशातील माणूस दारिद्र्यातून सुटणार नाही, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले तेही त्यांच्या खात्याच्या काळात. वीज ही त्यांच्या दृष्टीने माणसाच्या सुटकेची वस्तू होती. आपण जयंतीला विजेच्या माळा लावतो, त्या जरूर लावाव्यात. पण ज्या महापुरुषाने देशाच्या विजेचा नकाशा हाताळला, त्याच्या अनुयायांनी आपल्या वस्तीच्या विजेचा नकाशा तरी हाताळायला नको काय?

योजना आहेत, पण सुट्या सुट्या

आम्ही वहीत एक पान योजनांसाठी ठेवले होते. ते भरायला वेळ लागला नाही. १४ एप्रिल २०२१ पासून महावितरणने डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना ठराविक मुदतीसाठी राबवली. अनुसूचित जाती-जमातीच्या घराला प्राधान्याने जोडणी, आणि ५०० रुपये अनामत पाच हप्त्यांत. स्वयंपाकासाठी २०१६ पासून उज्ज्वला. शेतीसाठी मागेल त्याला सौर कृषी पंप. त्यात सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के भरायचे आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. घरावरच्या पॅनेलसाठी २०२४ पासून पंतप्रधान सूर्यघर योजना. १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट वा अधिकला ७८ हजार रुपये केंद्राचे अनुदान.

आता हे पान आक्कांच्या ओसरीवर वाचून पाहा. सौर पंप शेत असणाऱ्याला. वस्तीतली बहुसंख्य घरे भूमिहीन. पॅनेल पक्के छत असणाऱ्याला. येथे पत्रे, आणि तेही दगड ठेवून दाबलेले. त्यातून जोडणी स्वतःच्या नावावर हवी. येथे जोडणी तुटलेली. सूर्यघर योजनेत प्रत्येक जिल्ह्यात एक आदर्श सौरग्राम करण्यासाठी १ कोटी रुपये आहेत, पण स्पर्धेत उतरायला आपल्या भागात गावाची लोकसंख्या ५,००० हून अधिक लागते. डोंगरातली वाडी तेथेच बाद. गॅस आला, पण सहा महिने कोपीत राहणाऱ्याबरोबर टाकी जात नाही, आणि परत आल्यावर भरायला पैसे नसतात. म्हणून टाकी कोपऱ्यात आणि चूल पेटलेली. वेशीवर सौर पथदिव्याचे खांब उभे, पण बॅटरी गायब, कारण दुरुस्तीचा पैसा कोणी ठेवायचा हे ठरलेच नव्हते.

कोणतीही योजना वाईट नाही. पण एक खाते दिवा देते, दुसरे शेगडी, तिसरे पंप. माणूस मात्र एकच असतो. त्याचा दिवा, चूल, पाणी, दळण, पोराचा अभ्यास आणि सहा महिन्यांची कोपी हे सगळे एकाच घरातले आहे. त्या सगळ्याचा एकत्र विचार वस्तीनेच केला तर होईल. खाते तो करणार नाही, कारण खात्याला तसे कोणी विचारलेले नाही.

वहीत काय लिहायचे

म्हणून आम्ही त्या रात्री समाजमंदिरात बसून वस्तीचा विजेचा जमाखर्च मांडून पाहिला. येथे नमुना म्हणून ४० घरांची वस्ती धरतो. वाचकांनी आपल्या वस्तीचे आकडे घालावेत.

एका घरात ९ वॅटचे चार एलईडी दिवे रोज पाच तास, ७० वॅटचा एक पंखा आठ तास, ६० वॅटचा टीव्ही तीन तास आणि मोबाइल. गुणाकार केला की दिवसाला साधारण पाऊण ते एक युनिट, नेमके म्हणजे ०.९४ युनिट होते. ४० घरांचे सुमारे ३८ युनिट. पाण्याचा १ अश्वशक्तीचा पंप दोन तास चालवला तर दीड युनिट. रस्त्यावरचे २० वॅटचे आठ दिवे रात्रभर, पावणेदोन युनिट. समाजमंदिरातील अभ्यासिकेला अर्धा युनिट. महिला बचत गटाने ५ अश्वशक्तीची पिठाची गिरणी दोन तास चालवली तर साडेसात युनिट. सगळे मिळून दिवसाला ४९ युनिट.

आपल्याकडे १ किलोवॅटचे पॅनेल सरासरीने दिवसाला ४ युनिट देते. म्हणजे सगळ्या वस्तीला १२ ते १३ किलोवॅट पुरतात. परळीच्या एका २५० मेगावॅटच्या संचापुढे हे म्हणजे समुद्रातला तांब्या. आणि जागा? १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट. म्हणजे १३०० चौरस फूट. शाळेचे आणि समाजमंदिराचे स्लॅब मिळून एवढी जागा बहुतेक गावांत निघते. ज्याच्या घरावर पत्रे आहेत त्याच्यासाठी हे सामायिक छत.

हिशेब येथे संपत नाही. वहीत पंख्याची ओळ पाहिली तर घरातली अर्ध्याहून अधिक वीज पंखाच खातो. ७० वॅटच्या ऐवजी ३० वॅटचा नवा पंखा बसवला तर ४० घरांत दिवसाला जवळजवळ १३ युनिट वाचतात. म्हणजे तीन किलोवॅटची पॅनेल बसवण्याची गरजच उरत नाही. आधी गरज मोजा, मग उधळपट्टी कमी करा आणि मगच खरेदी करा. आपली आई महिन्याचा किराणा याच पद्धतीने भरत असते.

पाण्याचेही तसेच. आपल्या राज्यात विंधनविहिरीवर हातपंप तसाच ठेवून आत सौर पंप बसवणारी दुहेरी पंपाची लघु नळ योजना अनेक लहान वस्त्यांत झाली आहे. उन्हावर टाकी भरते, आणि बिघाड झाला तर हातपंप आहेच. पाण्याच्या बिलाची थकबाकी होऊन नळयोजना बंद पडण्याचा प्रश्न तेथे येत नाही. आणि पाण्यासाठी दुसऱ्याच्या विहिरीवर जाऊन उभे राहण्याची वेळ येत नाही, हे आपल्या बायकांना वेगळे सांगायला नको.

स्वयंपाकाला मात्र पॅनेलचा भरवसा देणे खरे नाही. भाकरीचा तवा विजेवर तापवायचा तर घराची गरज दुपटीच्याही पुढे जाते. तेथे गॅस, आणि चूल लागलीच तर धूर बाहेर नेणारी सुधारलेली चूल, हाच आजचा मार्ग. ५ किलोची लहान टाकी कोपीपर्यंत नेता येते, तिचीही नोंद वहीत हवी.

ज्यांनी हे केले

हे केवळ कागदी बेत नाहीत. पुणे जिल्ह्याच्या डोंगरातील दरेवाडी या आदिवासी पाड्यावर २०१२ साली ९.४ किलोवॅटचे सौर वीजकेंद्र उभे राहिले. घरे ३९. बाहेरच्या संस्थेने मदत केली, पण केंद्र चालवायला पाड्याने स्वतःचा न्यास केला, घरोघरी मीटर बसवले आणि जमलेल्या पैशातून देखभाल करायची असे ठरवले. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे सुमारे शंभर घरांचे गाव २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. दोन्ही ठिकाणी आधी लोक एकत्र बसले, मग पॅनेल आले.

पार उत्तर ध्रुवाच्या बाजूला, कॅनडात ओल्ड क्रो नावाची आदिवासींची वस्ती आहे. माणसे तीनशेच्या आत. रस्ता नाही, विमानाने जावे लागते. वीज डिझेलच्या इंजिनावर, आणि ते डिझेलही विमानाने यायचे. तेथल्या आदिवासींनी ठरवून ९४० किलोवॅटचे सौर केंद्र उभारले, ते २०२१ साली चालू झाले. हिवाळ्यात जेथे सूर्य कित्येक दिवस दिसत नाही, तेथे त्यांनी उन्हाळ्याचे ऊन पकडले. आणि मुख्य म्हणजे केंद्राची मालकी त्यांच्या स्वतःच्या पंचायतीची आहे. वीज कंपनी त्यांच्याकडून वीज विकत घेते. तेथल्या लोकांना आपल्या आक्कांचे नाव माहीत नाही, पण शेवटच्या टोकाच्या वस्तीने हिशेब स्वतःच्या हाती घ्यावा, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच लागू आहे. बीडला तर ऊन वर्षातले आठ महिने फुकट आहे.

ग्रामसभेपूर्वी करायची कामे

ग्रामपंचायतीचा विकास आराखडा दरवर्षी तयार होतो. त्यात वस्तीची मागणी शिरली तरच निधी निघतो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करावी लागते. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची जिल्हा परिषदेची योजना तर १९७४ पासूनची आहे, आणि तिच्यातून रस्ता-गटाराप्रमाणे दिवाबत्तीचेही काम घेता येते. बहुतेक ठिकाणी हा पैसा सिमेंटच्या रस्त्यावर जातो, कारण मागणी तीच असते.

म्हणून आमची सूचना एवढीच आहे. प्रत्येक वस्तीने एक वही करावी आणि तिच्यात पाच रकाने आखावेत. पहिला, घरनिहाय दिवे, पंखे, मीटर आणि थकबाकी. दुसरा, चूल : गॅस कोणाकडे, भरला किती वेळा, सरपण आणायला किती तास. तिसरा, पाणी आणि दळण. चौथा, ऊसतोडीला जाणारी घरे : जाताना मीटर बंद ठेवण्याचा अर्ज दिला का, कोपीत दिवा आहे का. पाचवा, दुरुस्ती : दरमहा घरटी किती पैसे जमतील आणि ते कोणाकडे राहतील. हा पाचवा रकाना बचत गटातील महिलांकडे द्यावा. पैसा त्यांच्या हाती राहिलेला आम्ही अनेक वस्त्यांत पाहिला आहे.

वही लिहायला बारावी झालेली मुलगीही पुरे. त्या रात्री समाजमंदिरात आमच्यासमोर गुणाकार करणारी मुलगी नर्सिंगच्या प्रवेशाची तयारी करत होती. आम्ही सांगायच्या आधीच तिने पंख्याची चूक दाखवली, आणि म्हाताऱ्या माणसांनी तिला विचारून विचारून आपापल्या घराचे आकडे लिहून घेतले. रात्री साडेनऊला लाईट गेली. मग मोबाइलच्या बॅटरीवर उरलेली आठ घरे लिहून झाली.

वही पूर्ण झाली की आधी ती महिला ग्रामसभेत ठेवावी. ती नियमित ग्रामसभेच्या अगोदर घ्यावीच लागते. नंतर ग्रामसभेत ठराव मांडावा, आणि ठराव इतिवृत्तात लिहिला गेला याची सही-शिक्क्याची नक्कल घ्यावी. शिवारात पवनचक्की किंवा सौर प्रकल्प येत असेल तर त्याची कामे, भाडे आणि पहारा यांचा विषय याच सभेत उघडपणे घ्यावा. एकट्या सरपंचावर किंवा एकट्या पहारेकऱ्यावर ते ओझे टाकू नये. साऱ्या गावाच्या सह्या असलेल्या कागदापुढे गुंडाला दहादा विचार करावा लागतो.

येत्या १५ ऑगस्टची किंवा २ ऑक्टोबरची ग्रामसभा चुकवू नये, कारण दसऱ्यानंतर टोळ्या निघाल्या की वस्तीत सही करायलाही माणूस उरत नाही. परळीत १९७१ सालीच दिवा लागला. तोच दिवा ओढ्याच्या कडेपर्यंत आणायचा तर पहिले पान आपल्यालाच लिहावे लागेल. ज्या वस्त्यांत वही पूर्ण होईल त्यांनी आम्हांला कळवावे. हिशेब तपासायला आम्ही सुट्टीच्या दिवशी येऊ.